बाहेरची मूठ

दार ढकललं तेव्हा त्याच्या डोक्यात चष्म्याशिवाय दुसरं काहीही नव्हतं. चष्मा बाथरूमच्या आरशाखाली राहिला होता, बस खाली येऊन उभी राहायची वेळ झाली होती आणि आज उशीर करून चालणार नव्हतं. तेव्हा त्याने खांद्यानेच दार रेटलं. दार कशाला तरी अडलं. त्याने आणखी जोर लावला, आत बादली कलंडली आणि गरम पाण्याचा लोट त्याच्या बुटांवरून बाहेर पॅसेजमध्ये धावला. समोर वडील उभे होते, अंगावर काही नसलेले, एका हातात साबण, दुसरा हात भिंतीला टेकलेला. त्यांनी ओरडायला हवं होतं. एरवी चहा निवला तरी सबंध मजला डोक्यावर घेणारा माणूस. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ओल्या फरशीवर म्हातारा माणूस जसा पाय जपून वळतो तसे सावकाश वळून भिंतीकडे तोंड केलं. "चष्मा," तो म्हणाला. कुणी काही विचारलंही नव्हतं. हात लांब करून त्याने चष्मा घेतला आणि तिथेच डोळ्यांवर चढवला. हे करायला नको होतं. तोवर सगळं धुरकट होतं ते लख्ख झालं : खांद्याची वर आलेली हाडं, बनियनच्या पट्ट्यांचे फिकट वळ, डाव्या कानामागे राहिलेला फेस, आणि तो फेस अगदी बारीक थरथरत होता.

दाराला कडी नव्हती. ती त्यानेच काढली होती. मागे वडील आत घसरून पडले, आतून कडी, हाक मारली तर नुसतं कण्हणं, शेवटी शेजाऱ्याने पहार आणली. नशीब म्हणून मनगटावर भागलं. डॉक्टर म्हणाले, आता यांना आतून कडी लावू देऊ नका. त्याच संध्याकाळी त्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला. बायको म्हणाली होती, "आधी बाबांना विचारा तरी." "विचारायचं काय त्यात? त्यांच्याच भल्याचं आहे," तो म्हणाला होता. कडी निघाली, लाकडात स्क्रूंची भोकं राहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून वडील भरलेली बादली दाराला लावून अंघोळ करू लागले. त्याने ते पाहिलं होतं. म्हातारपणचा हट्ट, दुसरं काय, असं म्हणून सोडून दिलं होतं. आता बसमध्ये बसल्यावर ओले मोजे बोटांना चिकटत होते आणि त्याला राग येत होता. बादलीचा, बसच्या ड्रायव्हरचा, मोज्यांचा. वडिलांचाही येत होता, आणि तो येतोय म्हणून स्वतःचा. आजच्या दिवशी तरी हे व्हायला नको होतं. आयुष्यातली नऊ वर्षं ज्या एका दारापायी गेली ते दार आज उघडायचं होतं, आणि डोळ्यांसमोर काय, तर साबणाचा फेस.

दारच. लोक विचारत, तुम्ही काय करता? तो म्हणे, अंतराळ स्थानकावर काम करतो. लोकांचे डोळे मोठे होत. मग विचारत, म्हणजे नक्की काय? तो म्हणे, दार. डोळे परत लहान होत. पृथ्वीभोवती फिरणारं ते स्थानक कुणा एका देशाच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून पाच देशांनी मिळून ते बांधायला काढलं होतं. प्रत्येकाने आपापली खोली आपापल्या घरी बनवायची, वर पाठवायची आणि तिथे एकीला एक जोडायची. जमिनीवर या खोल्यांनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नसे. पहिल्या खोलीत तिकडच्या देशाची तीन माणसं केव्हाची राहत होती. गेल्या आठवड्यात इकडची खोली तिला जाऊन जोडली गेली, हवा कुठून गळत नाही याची खात्री झाली. दोन खोल्यांच्या मध्ये दोन दारं, एक त्यांचं, एक आपलं, आणि दारांच्या मधोमध माणूस कसाबसा मावेल एवढी जागा. खरं तर एक दार पुरलं असतं. त्याचा पहिला आराखडा एकाच दाराचा होता. पण ते कुणाच्या खोलीत उघडायचं यावर वर्ष गेलं, कारण दार ज्याच्या खोलीत उघडतं त्याची तेवढी भिंत फुकट जाते. मग प्रत्येकाचं वेगळं दार असं ठरलं, आणि त्यानंतर खरं घोडं अडलं ते मुठीवर.

त्याचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक दाराला बाहेरूनही उघडता येईल अशी मूठ हवी. आतली माणसं बेशुद्ध पडली, धूर झाला, कुणी जखमी झालं, तर पलीकडच्याने काय दारावर डोकं आपटायचं? यात वाद घालण्यासारखं काय आहे, हे त्याला नऊ वर्षांत कळलं नव्हतं. पण तिकडच्या दाराचं काम बघणारी एक बाई होती, त्याच्याच वयाची, आखूड केसांची, बैठकीला नेहमी तोच राखाडी स्वेटर घालून येणारी. ती म्हणे, दार आतल्याच्या हातात असलं पाहिजे. दोघांचीही नसलेल्या एका तिसऱ्याच भाषेत ती दोघं भांडत, त्यामुळे धड भांडताही येत नसे. "आतला माणूस बेशुद्ध पडला तर?" तो विचारी. "आणि शुद्धीत असला तर?" ती विचारी. पहिल्यांदा त्याला हसू आलं होतं. नंतर नंतर तो चिडू लागला. चर्चेचं नुसतं गुऱ्हाळ. कचेरीत त्याला 'मूठवाले' नाव पडलं आणि तिला 'कडीवाल्या बाई', तो खोलीत शिरला की कुणीतरी हमखास म्हणे, "या मूठवाले, कडीवाल्या बाईंनी आज उघडलं का?" शेवटी मांडवली झाली. मूठ राहील, पण तिच्यावर झाकण असेल. पलीकडे जायचं असेल त्याने आधी दारावर तीनदा ठोठवायचं आणि आतून तीन ठोके येईपर्यंत थांबायचं. रेडिओ असताना, जागोजागी कॅमेरे असताना, पृथ्वीपासून इतक्या उंचीवर जाऊन दार ठोठवायचं! ही अट बाईंची. ठोठावल्यावर किती वेळ थांबायचं यावर एक वेगळी उपसमिती बसली होती आणि तिने आणखी एक हिवाळा खाल्ला. तेवढा वेळ गेला आणि उत्तर आलं नाही, तर मूठवाल्याच्या सल्ल्याने खालून हुकूम द्यायचा, झाकण काढायचं, मूठ फिरवायची. झाकण लागलेली मूठ पाहून चमूतला वेल्डर म्हणाला होता, "झाकली मूठ सव्वा लाखाची, साहेब, ती झाकलेलीच बरी." सगळे खो खो हसले. तोही हसला होता, पण घरी जाऊन जेवला नव्हता.

नियंत्रण कक्षात आज पंखा लावल्यासारखी कुजबुज होती. मागच्या काचेपलीकडे पाहुणे बसले होते, कोट घातलेले, मांडीवर छापील कार्यक्रमपत्रिका. पुढे मोठ्या पडद्यावर मधल्या अरुंद जागेत तरंगणारी 'धाकटी' दिसत होती. अंतराळवीरांच्या तुकडीत वयाने सगळ्यात लहान, म्हणून धाकटी. आपलं दार उघडून ती मध्ये आली होती आणि आता तिच्या नाकासमोर तिकडचं दार होतं, गोल, करडं, आणि त्यावर त्याची मूठ, पिवळ्या झाकणाखाली. हिच्या आकारासाठी त्याने किती हातांचे साचे घेतले होते. जाड हातमोज्यातल्या पंजाला, थकलेल्या पंजाला, घाबरलेल्या पंजाला ती सापडली पाहिजे म्हणून. त्या मुठीचा घेर त्याच्या तळव्याला पाठ होता. बसमध्ये दांडा धरतानाही तो कमी भरतो की जास्त हे त्याला नकळत जाणवे. धाकटीने पान्याच्या दांड्याने दारावर तीनदा ठोठावलं. टण्, टण्, टण्. कक्षातले सगळे श्वास रोखून बसले. उत्तर आलं नाही.

"थोडं थांबा," असं तिकडच्या कक्षातून आलं. का, ते नाही. सगळं ठीक आहे, तिघंही बरी आहेत, थोडं थांबा. प्रमुखसाहेबांनी घड्याळ पाहिलं, मग काचेकडे पाहिलं. धाकटीने पुन्हा ठोठावलं. पुन्हा काही नाही. प्रक्षेपणवाल्यांनी तेच तेच दार किती वेळ दाखवायचं, म्हणून पृथ्वीची चित्रं दाखवायला सुरुवात केली. काचेपलीकडे एक पाहुणा जांभई देताना दिसला. उपसमितीने ठरवलेला वेळ संपत आला, संपला. त्याच्या आत काहीतरी उसळलं आणि ते काय आहे हे ओळखायला त्याला एक क्षण लागला. तो आनंद होता. नऊ वर्षं ज्या वेळेसाठी भांडलो ती ही वेळ. बघा म्हणावं. बघा, ठोठवा आता. 

"मूठवाले, बोला," प्रमुख वळून म्हणाले. "वेळ संपली. करारात बसतंय. तुम्ही हो म्हणा, मी हुकूम देतो."

"सर, झाकण काढू का?" पडद्यावरून धाकटीचा आवाज आला.

हो, एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. ते जिभेवर आलंही होतं. आणि त्याच वेळी समोरचं करडं दार थोडं धुरकट झालं, त्याने सवयीने चष्मा नाकावर वर सरकवला, आणि तेवढ्यानेच घात केला. चष्मा चढवायचा, मग लख्ख दिसायचं, मग ती पाठ. ओल्या मोज्यांत त्याची बोटं आखडली. त्याला वडिलांचं दुकान आठवलं, शिवणकामाचं, एका मशीनचं, जिथे शाळा सुटली की तो कापडाच्या ढिगावर बसून गृहपाठ करी. कोपऱ्यात कपडे घालून बघायला एक जागा होती, तिला दारबीर नव्हतं, नुसता पडदा. गिऱ्हाईक आत गेलं की वडील पडद्याकडे पाठ करून उभे राहत, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि टाचण्यांमधूनच विचारत, "झालं का? येऊ का?" आतून येई, "थांबा, झालं नाही अजून." मग वडील थांबत. बाहेर चार गिऱ्हाइकं खोळंबलेली असत, कुणी कुरकुरे, कुणी निघून जाई. वडील हलत नसत. पडद्याला बोट लावणं तर सोडाच, तिकडे मान वळवत नसत. एवढं काय, नुसता तर पडदा, असं त्याला तेव्हाही वाटे. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाचा पडदा विचारल्याशिवाय सारला नाही, त्याच्या दाराची कडी त्याने न विचारता काढली होती.

"अहो, ऐकताय का?"

"थांबू या," तो म्हणाला.

प्रमुखांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"थांबू या, साहेब. उत्तर येईपर्यंत."

"आणि नाही आलं तर? आत कुणी बेशुद्ध असेल तर? हे तुमचंच वाक्य ना? नऊ वर्षं आमचे कान किटवलेत त्या वाक्याने!"

"बेशुद्ध नाहीत. तिघांच्याही हृदयाचे ठोके तिकडच्या पडद्यावर दिसताहेत. शुद्धीत आहेत आणि थांबा म्हणताहेत." आपला आवाज त्याला परका वाटला, कुठल्याशा राखाडी स्वेटरमधून आल्यासारखा. "बोलवेपर्यंत जायचं नाही."

प्रमुखांनी हेडफोन टेबलावर आपटला. त्याच्या सल्ल्याशिवाय हुकूम देता येत नव्हता. तीही अट बाईंचीच. धाकटी मध्येच तरंगत राहिली, कंटाळून तिने पान्याला गिरकी दिली, तो स्वतःभोवती फिरत राहिला. पाहुणे एकेक करून उठले. कार्यक्रमपत्रिका खुर्च्यांवर राहिल्या. प्रक्षेपण बंद झालं, जगाने ते दार उघडताना पाहिलंच नाही, आणि सगळं सामसूम झाल्यावर, कुणीतरी चहाला निघालेलं असताना, आतून आवाज आला. टण्, टण्, टण्. दार आतून उघडलं. तीन माणसं, एकाच्या पापण्या सुजल्यासारख्या, आणि सगळ्यांनी धाकटीला मिठ्या मारल्या. तिकडून कारण आलं : तांत्रिक.

"एक सांगून ठेवतो," प्रमुख नंतर कॉरिडॉरमध्ये म्हणाले. ओरडत नव्हते, ते जास्त वाईट होतं. "पुढच्या खोल्यांच्या दारांवर तुमची मूठ नसेल. वजन वाचेल. वापरायची वेळ आली आणि ज्याने बनवली तोच वापरू नका म्हणाला, म्हणजे गरजच नाही. मी तसं लिहिणार आहे."

"गरज आहे!" तो इतक्या जोरात म्हणाला की पाणी पीत असलेला एकजण वळला. "उद्या खरंच कुणी आत पडलं तर..."

"मग आज का नाही वापरलीत?"

याला काय उत्तर द्यायचं? की सकाळी माझे बूट भिजले? तो खाली बुटांकडे पाहत राहिला, आणि प्रमुखांनी ती कबुली समजून मान हलवली. नऊ वर्षं एका शब्दात बुडवली होती त्याने, तीही स्वतःच्याच तोंडाने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि मुठीची गरज नाही असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. मूठ हवीच होती. फक्त आज नको होती. हे एवढं साधं, पण कुठल्या बैठकीत, कुठल्या भाषेत सांगायचं? जागेवर येऊन बसला तर फोन वाजला. कडीवाल्या बाई. त्याला उचलावासाच वाटेना.

"कारण तांत्रिक नव्हतं," ती त्या तिसऱ्या भाषेत, शब्द जुळवत म्हणाली. "आमचा वरिष्ठ रडत होता. अर्धं वर्ष तीच दोन तोंडं बघतोय. ठोका ऐकला आणि त्याला रडू फुटलं. बाहेरून कुणी आलं म्हणून. त्याला तसं कुणी बघायला नको होतं. तो तोंड पुसत होता. एवढंच."

"हं," तो म्हणाला.

"तुमची वेळ संपली होती, मला माहीत आहे. मला वाटलं, आता हा मूठ फिरवणार." जरा थांबून ती म्हणाली, "तुमच्या मुठीची मला आता भीती वाटत नाही. पुढच्या बैठकीत मी तसं सांगेन."

हे वाक्य ऐकण्यासाठी त्याने नऊ वर्षं घालवली होती. कितीदा तरी बसमध्ये, अंघोळीत, झोप येत नसताना त्याने तिच्या तोंडून ते वदवून घेतलं होतं. आणि ते आलं कधी, तर मूठ मेल्यावर. त्याला हसावं की फोन भिंतीवर मारावा कळेना. "बैठकीत मूठच नसणार आहे," तो म्हणाला, आणि तिला ते नीट समजेल अशा शब्दांत सांगायचीही त्याच्यात ताकद राहिली नाही. तिने आभार मानले आणि फोन ठेवला.

घराअलीकडे दोन थांबे तो उतरला. हार्डवेअरच्या दुकानात कड्यांचा एक सबंध फळा भिंतीला टांगलेला होता. एक साधी कडी होती, आणि एक अशी, की आतून लागते पण बाहेरच्या बाजूला खाच असते. अडीनडीला नाणं घालून फिरवलं की उघडते. "घरात म्हातारं माणूस असेल तर लोक हीच नेतात," दुकानदार म्हणाला. तो दोन्ही हातांत घेऊन इतका वेळ उभा राहिला की दुकानदाराने दुसरं गिऱ्हाईक घेतलं. नऊ वर्षांचा वाद एवढ्याशा पितळेत कुणीतरी केव्हाच मिटवून टांगून ठेवला होता, आणि तरीही तो मिटलेला नव्हता. कारण नाणं कधी घालायचं हे खाचेवर लिहिलेलं नव्हतं. त्याने खाचेचीच घेतली.

दार बायकोने उघडलं. "सकाळपासून बाबांनी अंघोळ केलेली नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "अर्धी राहिली म्हणतात. जेवले तेही खोलीतच. काय झालं सकाळी?" तो बूट काढून सरळ आत गेला. वडील खिडकीशी बसले होते, सकाळचाच टॉवेल खांद्यावर. कानामागे साबण वाळून पांढरी रेघ राहिली होती. त्याने कडी त्यांच्या हातात दिली. शिंप्याच्या बोटांनी त्यांनी ती उलटीपालटी केली, दट्ट्या मागेपुढे सरकवून बघितला, आणि अंगठा खाचेवर थांबला.

"ही खाच कशाला?"

"पडलात तर बाहेरून उघडायला."

"आणि नाही पडलो तर?"

त्याच्या कपाळाची शीर उडाली. हा तर बाईंचाच प्रश्न, 'आणि शुद्धीत असला तर?' जगातल्या सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न त्याच्यासाठी राखून ठेवला होता की काय! "नाही पडलात तर उघडणार नाही. ठोठावीन."

"मी ओ दिली नाही तर?"

"थांबेन."

"किती?"

याचं उत्तर उपसमितीला देता आलं होतं, त्याला येईना. वडील त्याच्या तोंडाकडे बघत होते, सकाळनंतर पहिल्यांदाच. "बसव," ते शेवटी म्हणाले. "बसवू का विचारत असशील, तर बसव." त्याने विचारलं नव्हतं. "बसवू का?" त्याने विचारलं. वडिलांनी मान हलवली. जुनी भोकं कामी आली नाहीत, कडी नवीन मापाची. त्याने शेजारी नवी पाडली. वडील टॉवेल घेऊन आत गेले. दट्ट्या सरकला.

तो बाहेर उभा राहिला. नळ सुरू झाला, बादली भरत गेली, मग अंगावर तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज, मग पुन्हा. मग नळ बंद झाला. मग काहीच नाही. त्याने कान दाराजवळ नेला. ओली फरशी, मनगट, पहार, सगळं एकदम आठवलं. त्याने ठोठावलं. उत्तर नाही. पुन्हा ठोठावलं, तीनदा, आणि स्वतःचंच हसू येण्याऐवजी घाम आला. खिशातलं नाणं केव्हा हातात आलं त्याला कळलं नाही. ते त्याने खाचेत बसवलं. चपखल बसलं. अर्धं वळण, बस, की दार उघडणार होतं, आणि आत वडील पडलेले असणार होते किंवा उभे असणार होते, आणि यातलं जास्त भयंकर काय हे त्याला सांगता आलं नसतं.

"थांब," आतून वडिलांचा आवाज आला, दुकानातल्या पडद्यामागून यावा तसा. "झालं नाही अजून."

त्याने नाणं खाचेतून काढलं, मुठीत घट्ट धरलं, आणि दाराकडे पाठ करून तो उभा राहिला.